घरपट्टीच्या बिलातल्या ओळी आणि पालिकेची तिजोरी

प्रश्न: गेल्या वर्षी आम्ही ६०० चौरस फूट चटईक्षेत्राचा फ्लॅट जुन्या मालकाकडून विकत घेतला. इमारत आठ वर्षांपूर्वीची आहे आणि आम्ही स्वतःच तिथे राहतो. यंदाच्या बिलात करयोग्य मूल्य १९,४४० रुपये आणि वर्षाचा कर ७,७७६ रुपये दाखवला आहे. त्याखाली ६,००० रुपये थकबाकी आणि २,१६० रुपये शास्ती (दंड). रस्त्यापलीकडच्या जुन्या सोसायटीत एवढ्याच फ्लॅटचं करयोग्य मूल्य ९,७२० आहे, म्हणजे कर आमच्या निम्मा. बिलात नऊ-दहा करांची नावं आहेत, त्यातली अर्धी कळत नाहीत. अख्खं शहर आमच्याच घरपट्टीवर चालतं की काय? बिल बरोबर आहे हे तपासायचं कसं आणि तक्रार करायची तर कुठे?

उत्तर: तुम्ही शहराचं नाव लिहिलेलं नाही. पण बिलावर ‘करयोग्य मूल्य’ असल्यामुळे हे मुंबईबाहेरच्या महानगरपालिकेचं बिल असणार. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर होते. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, राज्यातल्या बाकीच्या महानगरपालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. पुढचं सगळं या दुसऱ्या कायद्याला धरून लिहितो, जिथे मुंबईचं वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

शहर घरपट्टीवर चालतं का, हा प्रश्न आधी घेऊ. एकट्या घरपट्टीवर महाराष्ट्रातली कोणतीही मोठी महानगरपालिका चालत नाही. मुंबई महानगरपालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. हा आकडा ऐकून लोकांना वाटतं, एवढा कर आपण भरला. पण त्यात महसुली उत्पन्नाचा अंदाज ४३,१५९ कोटींचा होता आणि त्यातला मालमत्ता कर ५,२०० कोटी, म्हणजे साधारण आठवा हिस्सा. सगळ्यात मोठी जमा होती जकातीपोटी राज्याकडून मिळणारी नुकसानभरपाई, सुमारे १४,३९८ कोटी. विकास नियोजन खात्याकडून, म्हणजे बांधकाम परवानग्यांच्या अधिमूल्यातून (प्रीमियममधून), ९,७०० कोटी धरले होते. मुंबईजवळ मोठ्या ठेवी आहेत, त्यामुळे तिचं गणित बाकीच्यांपेक्षा सैल आहे. इतर शहरांत घरपट्टीचा वाटा याहून जास्त असू शकतो. तरी जमेच्या बाजूची मोठी नावं जवळपास सगळीकडे हीच.

ही भरपाई आली कुठून ते समजून घ्या, कारण आज पालिकांचा मोठा आधार तीच आहे. पूर्वी शहराच्या नाक्यावर मालाची जकात घेतली जायची आणि ती रोजच्या रोज पालिकेच्या हातात पडायची. २०१० पासून एकेका शहरात जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. मुंबईत मात्र जकातच राहिली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी बंद झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर जकात आणि एलबीटी दोन्ही संपले. बदल्यात राज्याने २०१७ मध्येच कायदा करून महानगरपालिकांना भरपाई द्यायचं ठरवलं. २०१६-१७ हे वर्ष पाया धरायचं आणि दरवर्षी ८ टक्के वाढ द्यायची. रक्कम दरमहा येते, पगार वेळेवर होतात ते बऱ्याच अंशी तिच्यामुळे.

यातली अडचण सरळ आहे. पायाभूत वर्ष गोठलेलं आहे. त्यानंतर एखाद्या शहरात मोठं औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं, व्यापार दुप्पट झाला, तरी भरपाई ८ टक्क्यांनीच वाढते. ज्या शहराची त्या वर्षातली वसुली कमी होती, त्याचं माप कायमचं लहान राहिलं. शहराच्या वाढीबरोबर वाढणारा आणि पालिकेच्या स्वतःच्या हातात असलेला मोठा कर आता एकच उरला आहे, तो म्हणजे घरपट्टी. तुमच्या बिलावर पालिकेची एवढी नजर का असते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं दिल्लीतून आलं. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी शहरांना अनुदान देताना अटी घातल्या. राज्याने मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करावा आणि त्यानंतर शहराची घरपट्टीची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या वेगाने वाढत राहावी, ही त्यातली महत्त्वाची. वसुली वाढली नाही तर अनुदान अडकतं. ड्रोन सर्वेक्षण, घरोघरी मोजणी, थकबाकीदारांच्या याद्या यांची लगबग गेल्या काही वर्षांत वाढली, तिच्यामागे या अटीचाही हात आहे.

विकास शुल्क आणि वाढीव चटईक्षेत्राचं, म्हणजे भूखंडावर जादा बांधकाम करू देण्याचं (एफएसआय) अधिमूल्य यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. हा पैसा एकदाच येणारा आहे. जागेवर इमारत उभी राहिली की त्या जागेचं अधिमूल्य संपलं, पण त्या इमारतीला पाणी, मैलावाहिनी आणि कचरागाडी कायमची द्यावी लागते. बांधकाम तेजीत असताना जमेची बाजू फुगते. त्या जोरावर कायमचे खर्च वाढवले, म्हणजे नवी पदं, बस सेवेची तूट, देखभालीची कंत्राटं, तर मंदीच्या वर्षी हाल होतात. आपल्या शहराच्या अंदाजपत्रकात ही जमा एकूण महसुली उत्पन्नाच्या किती टक्के आहे ते जरूर पाहा. चौथ्या हिश्श्याच्या वर असेल तर सभागृहात प्रश्न विचारायला हवेत, असं आम्हाला वाटतं.

बाकीच्या जमा थोडक्यात. पाणीपट्टी येते, पण बहुतेक शहरांत ती पाणी उपसणं, शुद्ध करणं आणि पोचवणं यांच्या खर्चाला पुरत नाही. मालमत्तांच्या खरेदी-विक्रीवर १ टक्का जादा मुद्रांक शुल्क लागतं, ते राज्य गोळा करून पालिकेला देतं. परवाना शुल्क, मंडईचं भाडं, ठेवींवरचं व्याज, दंड या लहान ओळी. जाहिरात फलकांवरचा कर मात्र आता नाही. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने तो विषय राज्यसूचीतूनच वगळला, फलकापोटी आता येतं ते परवान्याचं शुल्क आणि जागेचं भाडं.

तुमच्या खिशातून जाणारं सगळंच पालिकेकडे पोचत नाही, हेही इथे सांगायला हवं. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर महाराष्ट्रात राज्याकडे जातो. गाडी घेताना आरटीओत भरलेला वाहन करही राज्याचाच. “गाडीचा कर भरलाय, मग आमच्या गल्लीतला खड्डा का बुजवत नाही” ही तक्रार रास्त आहे, फक्त तो पैसा पालिकेच्या हिशेबात थेट आलेला नसतो.

आता तुमचं बिल. करयोग्य मूल्य म्हणजे ती जागा भाड्याने दिली तर वर्षाला वाजवीपणे किती भाडं येईल, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून उरलेली रक्कम. हे भाडं बाजारातलं आजचं नसतं. पालिका विभागवार आणि बांधकामाच्या प्रकारानुसार दरमहा प्रति चौरस फूट किंवा प्रति चौरस मीटर एक दर ठरवते आणि त्याच दराने हिशेब करते.

तुमचा आकडा उलटा सोडवून पाहू. १९,४४० हे ९० टक्के, म्हणजे १०० टक्के झाले २१,६००. त्याला १२ ने भागलं की महिन्याचे १,८००, आणि ६०० चौरस फुटांनी भागलं की दर ३ रुपये. शेजारच्या ९,७२० चा असाच हिशेब केला की दर येतो दीड रुपया. क्षेत्र तेच, रस्ता तोच, फरक फक्त दरात. बऱ्याच शहरांत इमारतीची पहिली आकारणी ज्या वर्षी झाली, त्या वर्षीचा दर तिला चिकटून राहतो. नवे दर आले तरी ते नव्या इमारतींनाच लागतात, जुन्यांची फेरआकारणी वर्षानुवर्षं होत नाही. जुन्या सोसायटीला ती बांधली तेव्हाचा दर आहे, तुम्हाला आठ वर्षांपूर्वीचा.

हे अन्यायाचं आहे, असं आम्हालाही वाटतं. सेवा सारख्याच, कर दुप्पट. पण तुमच्या एका हरकतीने हा फरक मिटणार नाही, कारण तो तुमच्या बिलातली चूक नसून शहराचं धोरण आहे. फेरआकारणीचा ठराव आला की जुन्या इमारतींतले मतदार नाराज होतात, म्हणून तो पुढे ढकलला जातो. मुंबईने भांडवली मूल्य आणलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. तिथे मुद्रांक शुल्काच्या सिद्धगणक (रेडी रेकनर) दराला क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय आणि मजला यांच्या गुणकांनी गुणतात आणि दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचं अशी तरतूद आहे. त्याच मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता करातून पूर्ण सूट आहे. एका गटाला अशी सूट दिली की तेवढी जमा दुसरीकडून उभी करावी लागते, हेही त्या अंदाजपत्रकात वाचता येतं.

तुमच्या बिलात खरी चूक असण्याची शक्यता आम्हाला दुसऱ्याच ठिकाणी दिसते. जुना मालक त्या फ्लॅटमध्ये स्वतः राहत होता का? त्याने भाडेकरू ठेवला असेल आणि पालिकेच्या दप्तरी ‘भाडेकरू’ अशीच नोंद राहिली असेल, तर स्वतः राहणाऱ्याला मिळणारी सवलत तुम्हाला लागलेली नाही. पुण्यात ही सवलत ४० टक्के आहे. मधल्या काळात ती बंद झाली होती, १ एप्रिल २०२३ पासून पुन्हा सुरू झाली आणि तिच्यासाठी पीटी-३ हा अर्ज पुराव्यांसह द्यावा लागतो. तुमच्या शहरात अशी सवलत असेल आणि तीही ४० टक्केच असेल, तर १९,४४० चे ११,६६४ होतील आणि कर ७,७७६ वरून सुमारे ४,६६६ रुपयांवर येईल. वर्षाला ३,११० रुपयांचा हा फरक केवळ भोगवटादाराच्या एका नोंदीमुळे पडतो. सवलत आपोआप लागेल या भरवशावर राहू नका. मालक बदलला की कित्येक वेळा ती गळून पडते.

पुढचा भाग, बिलातल्या करांच्या ओळी. तुमचा एकूण कर करयोग्य मूल्याच्या बरोबर ४० टक्के येतो, म्हणजे सगळ्या ओळींच्या टक्केवारीची बेरीज ४० असणार. नसेल तर मूल्यात किंवा बेरजेत काहीतरी चुकलं आहे. या ओळी तीन गटांत पाहिल्या की कळायला सोप्या जातात.

पहिला गट खुद्द पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीचा. सर्वसाधारण कर ही त्यातली सगळ्यात जाड ओळ. हा पैसा कशालाही वापरता येतो, त्यातूनच पगार आणि दिवाबत्ती होते. वेळेआधी भरल्यावर मिळणारी सूट बहुधा या ओळीवरच असते, संपूर्ण बिलावर नसते. ‘१० टक्के सूट’ वाचून लोक एकूण रकमेच्या १० टक्क्यांची अपेक्षा करतात आणि पावती पाहून हिरमुसतात, ते यामुळे.

दुसरा गट ठरावीक कामासाठीचा: अग्निशमन कर, मलनिःसारण कर, जल लाभ कर, पथकर, सफाई कर, वृक्ष उपकर, पालिकेचा शिक्षण कर. शहरागणिक नावं आणि दर बदलतात. वृक्ष उपकर १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्याखाली आहे आणि तो त्याच कामासाठी वेगळा ठेवायचा असतो. इथे सगळ्यात जास्त गोंधळ जल लाभ कर आणि पाणीपट्टी यांचा होतो. जल लाभ कर मिळकतीवर आहे, पाण्याच्या सोयीमुळे तिला लाभ होतो म्हणून. पाणीपट्टी आहे प्रत्यक्ष वापरलेल्या पाण्याची. दोन्ही एकाच बिलात दिसले म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा लावले असं नाही. फ्लॅट सहा महिने बंद होता म्हणून पाणी वापराची रक्कम कमी होऊ शकते, लाभ कर नाही.

तिसऱ्या गटातला पैसा पालिकेचा नाहीच. महाराष्ट्र शिक्षण उपकर, बिगरनिवासी जागांवरचा रोजगार हमी उपकर आणि मोठ्या निवासी जागांवरचा कर हे राज्याचे कर पालिका फक्त गोळा करून शासनाकडे भरते. शिक्षण आणि रोजगार हमी उपकरांचा कायदा १९६२ चा आहे. तुमच्या बिलात रोजगार हमी उपकराची ओळ दिसत असेल तर तिथेच थांबा. याचा अर्थ दप्तरी तुमचा फ्लॅट पूर्ण किंवा अंशतः बिगरनिवासी लागला आहे. जुन्या मालकाने तिथे क्लास किंवा कार्यालय चालवलेलं असू शकतं. बिगरनिवासी दर निवासी दरापेक्षा बराच चढा असतो, त्यामुळे ही एक नोंद बदलली तर बिल एकदम उतरतं.

थकबाकीचं मात्र मन घट्ट करून वाचा. मालमत्ता कराचा बोजा कायद्याने मिळकतीवरच असतो आणि तोही पहिला बोजा, कलम १४१. विकणारा निघून गेला तरी पालिका फ्लॅटकडे बघते. शास्ती दरमहा २ टक्के आहे, म्हणजे ६,००० वर महिन्याला १२० आणि २,१६० ही १८ महिन्यांची झाली. कर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर असा सहामाही देय होतो, त्यामुळे प्रत्येक सहामाहीच्या रकमेवर शास्ती वेगळ्या महिन्यापासून सुरू होते. सगळ्या ६,००० वर सरसकट १८ महिने लावले असतील तर तपशील मागा. खरेदीखताच्या तारखेपूर्वीची रक्कम किती आणि नंतरची किती, हे वेगळं काढून घ्या. करारनाम्यात ‘ताब्याच्या तारखेपर्यंतचे सर्व कर विक्रेत्याने भरावेत’ अशा आशयाचं कलम बहुधा असतंच. त्याच्या आधारे विक्रेत्याला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवा. पण त्याच्या उत्तराची वाट पाहत पालिकेची रक्कम थांबवून ठेवू नका. वर्षाला २४ टक्के चढत असताना वाट पाहणं परवडत नाही. अभय योजना आली तर शास्तीत माफी मिळते, पण ती येईलच असं नाही आणि मूळ कर त्यात सुटत नाही.

नाव बदलाचा अर्ज दिला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हस्तांतरण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने पालिकेला लेखी कळवायचं असतं. मुदत टळली असेल तरी आज द्या. त्यासोबत खरेदीखताची प्रत, सूची क्रमांक दोनची (खरेदीच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू) प्रत, शेवटची कर पावती आणि सोसायटीचं पत्र लागतं. एक खबरदारी: घरपट्टीला नाव लागणं हा मालकीचा पुरावा नाही. बेकायदा बांधकामालाही पालिका कर लावते, वर कलम २६७-अ खाली दुप्पट करापर्यंत शास्ती लावू शकते, आणि तो भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही.

तपासणीला बसताना बिलाचा शेवटचा आकडा बाजूला ठेवा, चुका मुळाच्या नोंदींत असतात. मिळकत क्रमांक घेऊन क्षेत्रीय कार्यालयातल्या कर आकारणी विभागातून आकारणीचा उतारा मागा. कर आकारणीची नोंदवही नागरिकांना पाहता येते. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात मागा. उताऱ्यावर क्षेत्र पाहा आणि ते सूची क्रमांक दोनमधल्या चटईक्षेत्राशी ताडा. आकारणी चटईक्षेत्रावर व्हायची असताना बांधीव क्षेत्र, म्हणजे भिंतींसकट मोजलेलं क्षेत्र, लागलं असेल तर ६०० चे सहज ७२० होतात आणि कर २० टक्क्यांनी चढतो. चौरस मीटर आणि चौरस फूट यांची गल्लत हाही नेहमीचा घोळ, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. तुमच्या बाबतीत ३ रुपये दर ६०० फुटांवर बरोबर बसतो का हे दरपत्रकातून पाहा. त्या विभागाचा खरा दर अडीच रुपये निघाला, तर क्षेत्र ७२० धरलंय असं समजा, कारण ७२० गुणिले अडीच हेही १,८००च होतात.

त्यानंतर वापर आणि भोगवटा पाहा. मग आकारणीची तारीख. भोगवटा पत्राच्या (इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी) किंवा प्रत्यक्ष वापराच्या तारखेआधीपासून कर लागलेला असेल तर तेवढा काळ वगळून मागता येतो. दुबार आकारणी झाली आहे का तेही बघा. सर्वेक्षणात बांधकाम व्यावसायिकाच्या नावावर एक आणि मालकाच्या नावावर एक असे दोन मिळकत क्रमांक पडतात, एकावर कर भरला जातो आणि दुसऱ्यावर थकबाकी साचत राहते. तुमची ६,००० ची थकबाकी अशी असण्याचीही शक्यता आहे. जुन्या मालकाकडच्या पावत्यांवरचा क्रमांक आणि तुमच्या बिलावरचा क्रमांक एकच आहे ना, हे पाच मिनिटांचं काम आधी करा.

शहराचं अंदाजपत्रकही एकदा उघडा. पालिकेच्या संकेतस्थळावर लेखा विभागाखाली ते असतं. भाषणाची पुस्तिका बाजूला ठेवून जमेचा तक्ता काढा. त्यात चार रकाने असतात: गेल्या वर्षाची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. लोक चौथा रकाना वाचतात, बातम्याही त्याच्याच होतात. खरं सांगतो तो पहिला. मालमत्ता कराची प्रत्यक्ष जमा आणि पुढचा अंदाज यांत एकदम तीस-चाळीस टक्क्यांची उडी दिसली आणि त्यामागे नव्या आकारणीचा ठोस हिशेब नसेल, तर तो आकडा खर्चाची यादी बसवण्यासाठी फुगवलेला आहे. त्या आकड्यावर कामं मंजूर होतात, कार्यादेश निघतात, पैसे येत नाहीत आणि ठेकेदारांची देणी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतात. तुमच्या प्रभागातला रस्ता मंजूर होऊनही दोन वर्षं होत नाही, त्याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं.

‘एकूण मागणी’ आणि ‘वसुली’ यांचा तक्ताही असाच जपून वाचा. मागणीत चालू वर्षाचा कर, जुनी थकबाकी आणि त्यावरची शास्ती असं सगळं एकत्र असतं. थकबाकीत न्यायप्रविष्ट प्रकरणं, बंद कारखाने, दुबार नोंदी आणि शासकीय मिळकती असतात. केंद्र सरकारच्या मिळकतींना घटनेच्या कलम २८५ मुळे कर लागत नाही, त्यांच्याकडून सेवा शुल्क घेतलं जातं. सेवा किती वापरतात त्यानुसार ते कराच्या ७५, ५० किंवा ३३⅓ टक्के असतं. पूजास्थळं आणि धर्मादाय कामाच्या इमारतींना सूट मिळते ती सर्वसाधारण करातून, बाकीच्या ओळी त्यांनाही लागतात. पालिका कसं काम करते हे बघायचं तर फक्त चालू मागणीची चालू वसुली किती टक्के, एवढंच पाहा.

तक्रार कुठे करायची हे आता सोपं जाईल. कराचे दर आणि तुमच्या मिळकतीचं मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या वर्षाचे दर महानगरपालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, कलम ९९. दरांविरुद्ध बोलायचं तर डिसेंबर-जानेवारीत, प्रस्ताव स्थायी समितीपुढे असताना नगरसेवकाला गाठा. प्रशासक असेल तर त्यांच्याकडे लेखी द्या. एप्रिलनंतर बिल हातात घेऊन दर जास्त आहे म्हणण्याचा त्या वर्षापुरता उपयोग नाही.

मूल्याविरुद्धची हरकत मात्र व्यक्तिगत असते. नवी आकारणी किंवा वाढ करताना विशेष नोटीस यावी लागते आणि तिच्यावर छापलेल्या मुदतीत हरकत द्यायची असते, मुदत किमान १५ दिवसांची असते, मुंबईत २१. हरकतीत ‘कर फार आहे’ असं लिहू नका. क्षेत्र अमुक नाही, तमुक आहे, सोबत सूची क्रमांक दोन. वापर निवासी आहे, सोबत वीजबिल. भोगवटा स्वतःचा आहे, सोबत सोसायटीचं पत्र, अशा सुट्या ओळी लिहा. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. सुनावणीला बोलावतील तेव्हा जाच, गैरहजेरीत नोटिशीतलं मूल्य कायम होतं. तुमच्या बाबतीत नोटिशीचा काळ जुन्या मालकाच्या वेळीच उलटून गेला आहे, म्हणून तुम्ही हरकतीऐवजी नोंद दुरुस्तीचा अर्ज द्या. स्वतःच्या वापराची सवलत, क्षेत्र आणि वापर यांतली दुरुस्ती त्यातून होते.

सुनावणीनंतरचा निर्णय पटला नाही तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे. मुदत १५ दिवस. त्याला दोन अटी आहेत आणि बरीच अपिलं त्यांच्यावरच अडकतात: मूल्याबद्दलची हरकत आधी पालिकेत देऊन निकाली निघालेली हवी, आणि मागणी केलेली रक्कम आधी भरलेली हवी. म्हणून अर्ज दिल्यावर कर भरणं थांबवू नका. ऑनलाइन भरणा केला तर त्याच दिवशी ‘हक्क राखून भरत आहे’ असं पत्र क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्या. दुरुस्ती मंजूर झाली की जास्त भरलेली रक्कम पुढच्या सहामाहीत वळती करून मागा, आणि ती वळती झाली की नाही हे पुढचं बिल आल्यावर तपासा.